एक घर खाली चिकटवलेलं प्यादं

मंगळवारी दुपारचं टपाल आलं तेव्हा मी लाल पेन घेऊनच बसलो होतो. सत्तेचाळिसाव्या कोड्याची उत्तरं तपासायची होती. एकोणचाळीस पोस्टकार्डं आली होती. अडतीस जणांचं उत्तर एकच होतं आणि ते माझ्या वहीतल्या उत्तराशी जुळत होतं. एकोणचाळिसाव्या कार्डावर तीनच ओळी होत्या.

“पांढरा जिंकत नाही. वजीर मारला की काळा हत्ती सरळ खाली येतो आणि मात. हिशोब: लागू नाही. गौतम साळवे, आणे.”

मी त्या कार्डावर फुली मारली. मारताना मला थोडं बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्या बरं वाटण्यातून झालं.

नव्वदच्या दशकात मी नारायणगावच्या एका साप्ताहिकात सबएडिटर होतो. सबएडिटर म्हणजे बातम्या नीट करणारा माणूस, पण आमच्याकडे तो प्रूफंही वाचायचा, पानंही लावायचा आणि गरज पडली तर गठ्ठे एसटीवर पोचवायचा. मालक आणि संपादक एकच. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. चौथ्या पानावर उजवीकडे तळाला एक चौकोन कायम रिकामा राहायचा, कारण तिथली जाहिरात बंद झाली होती. मी म्हटलं, बुद्धिबळाचं कोडं टाकू. अण्णा म्हणाले, “टाक. फुकट आहे ना?”

मी राहायचो वारूळवाडीत, एका दुकानावरच्या खोलीत. एकटाच. लग्न ठरता ठरता दोनदा राहिलं, नंतर मीच विषय सोडला. खोलीत एक पट कायम मांडलेला असायचा. समोर कुणी नसायचं. मी पांढरे खेळायचो, मग उठून पलीकडे बसायचो आणि काळे खेळायचो. असं खेळताना एक अडचण असते. समोरच्याच्या मनात काय आहे ते आधीच माहीत असतं. म्हणून मी कोड्यांकडे वळलो. जुन्या मासिकांतले डाव वहीत उतरवून घ्यायचो आणि त्यातला नेमका मोक्याचा क्षण कोडं म्हणून द्यायचो.

ज्यांना हा खेळ येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रत्येक मोहऱ्याची एक किंमत मानलेली असते. प्यादं एक गुण, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. राजाला किंमत नाही, कारण तो गेला की खेळच संपतो. कुणाकडे जास्त गुणांची मोहरी आहेत यावरून साधारण कळतं की कोण वरचढ आहे. मी वाचकांसाठी एक नियम केला होता. उत्तर लिहायचं आणि खाली ‘हिशोब’ म्हणून शेवटी पांढऱ्याचे किती गुण उरले, काळ्याचे किती, ते लिहायचं. त्यामुळे मला तपासायला सोपं जायचं. कार्डाची शेवटची ओळ बघितली की बरोबर-चूक कळायचं. वर्षभरात वाचकांनाही तीच सवय लागली. चांगली खेळी दिसली की बेरीज करायची आणि थांबायचं.

कॉलम चालला. मंचरच्या बँकेतली चार माणसं मिळून कार्ड टाकायची, पण नावं वेगवेगळी लिहायची. जुन्नरच्या कोर्टातला एक क्लार्क हिरव्या शाईत लिहायचा. अण्णांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली, की बरोबर आलेल्यांची नावं छापायची आणि चुकलेल्यांचीही. “चुकलेल्याचं नाव छापलं की तो अंक घेतोच,” ते म्हणाले. “शिव्या द्यायला का होईना.” वर्षाच्या शेवटी एकही कोडं न चुकलेल्यांची वेगळी यादी चौकटीत येणार होती.

गौतम साळवे पहिल्या आठवड्यापासून लिहीत होता. सुरुवातीला फक्त उत्तर. मग हळूहळू एखादी जादा ओळ. त्यातून मला त्याची माहिती कळत गेली. आणे पठारावर पाणी खोल. तिथं विहिरी खोदतात तेव्हा खालचा दगड वर काढायला यारी लावतात. यारी म्हणजे दोराची क्रेन. गौतम यारीवर कामाला होता. एकदा दोर सुटला आणि तो विहिरीत पडला. जीव वाचला, कमरेखालचं अंग गेलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. घरात तो आणि थोरली बहीण, दोघंच. बुद्धिबळ तो पुण्याच्या ससून हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटकडून शिकला होता.

मी उत्तरादाखल कधी कधी एखादं कार्ड टाकायचो. ‘छान’, ‘तिसरी खेळी सुरेख’ एवढंच. पण खरं सांगायचं तर मंगळवारी गठ्ठ्यातून मी आधी त्याचं कार्ड शोधायचो. त्या काळात मला नावानं लिहिणारा तो एकच माणूस होता. आम्ही एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला त्यानं लिहिलं, “साहेब, एक आनंदाची गोष्ट. आमच्या हायस्कूलचे हेडमास्तर घरी आले होते. वर्षभर एकही कोडं चुकलं नाही आणि यादीत नाव आलं तर शनिवारी शाळेत बुद्धिबळाचा तास मी घ्यायचा. न्यायला-आणायला जीपवाला तयार आहे. चार वर्षांत मी घराबाहेर दोनदा गेलोय, दोन्ही वेळा दवाखान्यात.”

हे कार्ड मी दोनदा वाचलं. म्हणजे त्याच्यासाठी त्या यादीत काय होतं हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

आता सत्तेचाळिसावं कोडं. शक्य तितकं साधं करून सांगतो. पांढऱ्याकडे एक हत्ती आणि एक घोडा, म्हणजे आठ गुण. काळ्याकडे वजीर आणि हत्ती, म्हणजे चौदा. प्यादी दोन्हीकडे तीन-तीन, ती सोडून देऊ. पांढरा सहा गुणांनी मागे. पण पांढरा घोडा अशा जागी उडी मारू शकतो की काळ्या राजाला शह बसतो आणि त्याच वेळी वजिरावरही मारा येतो. राजाला हलावंच लागतं. घोडा वजीर मारतो. आता पांढरा आठ, काळा पाच. हिशोब जमला.

एक बारीक गोष्ट राहते. घोडा जिथून उडी मारतो तिथं तो काळ्या हत्तीची वाट अडवून उभा होता. तो हलला की वाट मोकळी. मग काळा हत्ती थेट पांढऱ्याच्या शेवटच्या ओळीत येऊन शह देतो. पांढरा राजा कोपऱ्याजवळ आहे आणि त्याच्या पुढ्यात त्याचीच तीन प्यादी. माझ्या वहीत सगळ्यात उजवीकडचं प्यादं एक घर पुढे होतं. त्यामुळे राजाला निसटायला एक जागा होती. तिला आम्ही खिडकी म्हणतो. राजा खिडकीतून बाहेर पडतो, शह संपतो आणि पांढरा जिंकतो. खिडकी नसेल तर तीच मात.

मला वाटलं, गौतमला खिडकी दिसली नाही. नवशिक्यासारखी चूक. सेहेचाळीस कोडी एका दमात सोडवणारा माणूस शेवटी चुकला, आणि तोही अशा साध्या जागी, याचं मला कुठंतरी समाधान झालं. पुढच्या अंकात मी छापलं: बरोबर अडतीस, चूक एक. चुकलेल्यांत एकच नाव होतं.

पुढच्या मंगळवारी त्याचं कार्ड आलं. त्यात नव्या कोड्याचं उत्तर नव्हतं. एकच ओळ होती. “साहेब, छापलेला पट पुन्हा मांडून बघावा.”

मी खोलीवर जाऊन पट मांडला. पण मांडला तो वहीतून. वहीत खिडकी होती. मी त्याला लगेच कार्ड टाकलं. त्यातले शब्द मला अजून पाठ आहेत, कारण मी ते लिहिताना स्वतःवर खूश होतो. “राजाची सुटका आपण पाहिली नाही. शेवटी पांढऱ्याकडे तीन गुण जास्त राहतात. पाहिजे तर मोजून बघा. भावनेपेक्षा हिशोब महत्त्वाचा.”

भावनेचा त्यात काय संबंध होता मला माहीत नाही.

पुढच्या शनिवारी आठवडे बाजार होता. ऑफिसच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. चाळिशीच्या. हातात औषधांची पिशवी.

“कोडं छापत्यात ते साहेब कोन?”

“मीच. बसा ना.”

“बसत न्हाई. आळेफाट्याची गाडी हाय.” त्यांनी पिशवीतून घडी घातलेला अंक काढला. “मी गौतमची बहीण. सुमन. त्यानं तुमास्नी निरोप दिलाय. मला त्यातलं काय कळत न्हाई. तो म्हनला तसं म्हनून दाखवते.” त्यांनी डोळे बारीक केले आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाल्या, “पांढऱ्या राजाच्या उजव्या हाताला शेवटचं प्यादं हाय. ते कुठल्या घरात हाय ते साहेबांनी बोट ठेवून बघावं. वहीवर न्हाई. ह्या कागदावर.”

मी बोट ठेवलं.

त्या काळी आमच्याकडे चौकटीचं चित्र असं व्हायचं. रिकाम्या पटाचं एक प्रिंट बटर पेपरवर काढायचं. मोहऱ्यांचं दुसरं. मग ब्लेडनं एकेक मोहरा कापायचा आणि गोंदानं त्याच्या घरात चिकटवायचा. नखाएवढे तुकडे. हे काम मीच करायचो, दर बुधवारी. त्या चित्रात उजवीकडचं प्यादं एक घर खाली होतं. तिन्ही प्यादी एका ओळीत, भिंतीसारखी. खिडकी नव्हती.

म्हणजे छापलेल्या पटावर गौतमचं उत्तर बरोबर होतं आणि एकट्याचंच बरोबर होतं. बाकीच्या अडतिसांनी माझ्यासारखाच वजीर बघितला, बेरीज केली आणि पोस्टात टाकलं.

“काय झालं, भाऊ?” सुमनताईंनी विचारलं. “चुकलंय का काय त्याचं?”

“नाही,” मी म्हणालो. “म्हणजे, बघतो मी. अण्णांशी बोलतो.”

“आसं सांगू त्याला?”

“सांगा, बघतो म्हणून.”

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग अंकाची घडी परत जशी होती तशी घातली आणि गाडीकडे गेल्या.

अण्णा संध्याकाळी आले. मी त्यांना चित्र दाखवलं, वही दाखवली.

“मग?” ते म्हणाले.

“दुरुस्ती छापायला पाहिजे.”

“छाप की. काय लिहिणार?”

“चित्रात चूक झाली. गौतम साळवे यांचं उत्तर बरोबर. बाकीच्यांची चूक.”

अण्णांनी चष्मा काढला. “बाकीचे किती?”

“अडतीस.”

“अडतीस लोकांची नावं बरोबर म्हणून छापली. आता त्यांना सांगायचं, तुम्ही चूक? आणि वर्षाच्या यादीत त्यातले किती येतात?”

“सहा-सात.”

“त्यात मंचरचे बँकवाले आहेत. ते यादीची वाट बघतायत. एकासाठी अडतीस जणांना नाराज करायचं? तूच तर सारखं लिहितोस, मोजा, मोजा. मोज मग.”

यावर मला बोलता आलं असतं. कोडं रद्द करा, कुणाचंच धरू नका, एवढं म्हटलं असतं तरी गौतमचं वर्ष वाचलं असतं. चूक माझ्या हातची होती हे लिहायला मी तयार आहे, असंही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, “बघा, तुम्ही म्हणाल तसं.” आणि मला हायसं वाटलं. अण्णांनी नाही म्हटल्यामुळे माझी चूक माझ्यापाशीच राहिली. पुढची कित्येक वर्षं हा विषय निघाला की मी ‘प्रिंटिंगमध्ये गडबड झाली’ असं सांगायचो. प्रिंटिंगवाल्यानं जे चिकटवलं होतं ते छापलं होतं.

फेब्रुवारीत यादी आली. सात नावं. गौतमचं नव्हतं. त्याची कार्डं त्या निरोपानंतरच थांबली होती. मी मंगळवारी गठ्ठा उलटून बघायचो, पुन्हा बघायचो. मग पोस्टमनला विचारायचो, अजून काही आहे का. तो म्हणायचा, “राव, कुणाच्या चिठ्ठीची वाट बघताय?” खोलीवर पट मांडलेला होता, पण मी त्याला हात लावत नव्हतो. दोन्ही बाजूंना मीच होतो आणि मला दोघांशीही बोलायचं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी मी आण्याला गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. एसटी बेल्हे सोडून पठारावर चढली तेव्हा गाडीत पाचच माणसं उरली होती. साळव्यांचं घर विचारत गेलो. एका बाईनं सांगितलं, “यारीवाला गौतम ना? त्यो घरीच असतो.” आणि मग स्वतःच हसली, “जातोय कुठं.”

तो ओसरीवर खाटेवर बसला होता, भिंतीला उशी लावून. मला वाटलं होतं त्याहून तरुण दिसत होता. खांदे रुंद. शेजारी लाकडी फळीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली आमच्या साप्ताहिकाचे अंक, नीट रचलेले. मी नाव सांगितलं. त्यानं लगेच ओळखलं.

“साहेब? या की. ताई, पानी आन. नारायनगावचे साहेब आलेत.”

सुमनताई आतून पाणी घेऊन आल्या. त्यांनी मला बघितलं आणि त्या दारातच उभ्या राहिल्या.

मी पाणी प्यायलो. म्हणालो, “तुमचं उत्तर बरोबर होतं.”

“म्हायती हाय मला,” गौतम म्हणाला. रागानं नाही. जेवणात मीठ आहे असं सांगावं तसं.

“शाळेचं काय झालं?”

“हेडमास्तर आले व्हते. अंक घेऊन. म्हनले, साळवे, मला वाईट वाटतं, पन कमिटीला काय दाखवू? यात तुमचं नाव चुकलेल्यांत हाय. मी त्यास्नी पट मांडून दाखवला. त्यास्नी खेळ येत न्हाई. ते म्हनले, आवो, छापलंय ना.” तो हसला. “ताईला बी तसंच वाटत व्हतं. वाटत व्हतं ना गं? ती म्हनली, पेपरवाल्यांचं चुकल व्हय? तुजंच काय तरी ऱ्हायलं आसल. सगळ्या गावात मी एकटाच मला बरोबर म्हनत व्हतो. आसं लई दिवस म्हनलं की मानसाला सोताचीच शंका येती.”

मग त्यानं विचारलं. अगदी सहज.

“तुमास्नी कवा कळलं, साहेब?”

मी म्हणालो, “आत्ताच. परवा जुने अंक चाळत होतो, तेव्हा लक्षात आलं. म्हणून लगेच आलो.”

दारातून सुमनताई म्हणाल्या, “खोटं कशाला बोलता, भाऊ.”

गौतमनं वळून बहिणीकडे पाहिलं.

“मी तितंच हुबी व्हते,” त्या म्हणाल्या. “तुमी बोट ठेवलं आन तुमचं तोंड उतरलं. मला खेळातलं कळत न्हाई. तोंडावरचं कळतं. मी ह्याला तवाच सांगितलं, साहेबास्नी कळलंय, आता छापतील. हा दर आठवड्याला अंक मागवायचा. मी बेल्ह्याला जाऊन आनायची. पहिलं चौथं पान उघडायचा.”

मग मी सांगितलं. गोंद, ब्लेड, वही, अण्णा, अडतीस, सगळं. लाल फुली मारताना बरं वाटलं होतं तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती बहुतेक. सांगून झाल्यावर मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ओसरीवर ऊन आलं होतं आणि गौतम आपल्या पायांवरची चादर सारखी करत होता.

“म्हंजी चार महिने,” तो म्हणाला.

“हो.”

“मग आता काय करनार?”

“छापणार. पुढच्या अंकात. शाळेलाही लिहीन.”

“शाळेचं ऱ्हाऊ द्या. हेडमास्तरांची बदली झाली. नव्यानं शनवारी कवायत लावलीय. पन छापा. माज्यासाठी नगं. ती अडतीस मानसं चुकीचं शिकून बसल्यात, साहेब. त्यास्नी वाटतंय वजीर घेतला म्हंजी जिकलं. त्यातलं कोन उद्या कुणाला शिकवंल.”

मी निघालो तेव्हा तो “या परत” असं म्हणाला नाही. सुमनताईंनी फाट्यापर्यंतचा जवळचा रस्ता सांगितला.

त्या बुधवारी अण्णा एका लग्नाला पुण्याला गेले होते. मी चौथ्या पानावर तोच चौकोन घेतला, तेवढ्याच आकाराचा. त्यात दोन पट चिकटवले, एक छापलेला आणि एक वहीतला. खाली लिहिलं: “सत्तेचाळिसाव्या कोड्याचं चित्र चुकीचं छापलं गेलं. चूक चित्र चिकटवणाऱ्याची, म्हणजे कॉलम लिहिणाऱ्याची. छापलेल्या पटावर पांढरा जिंकत नाही. गौतम साळवे, आणे, यांचं एकट्याचं उत्तर बरोबर होतं. त्यांनी वर्षभरात पाठवलेलं एकही उत्तर चुकलेलं नाही.” आणि पान प्रेसला पाठवलं.

अण्णा परत आले. अंक वाचला. ओरडले नाहीत. म्हणाले, “मला विचारलं का नाहीस?”

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“तेव्हा नाही म्हणालो तर तू मान हलवलीस. आज कुठून एवढं सुचलं?” त्यांनी अंक टेबलावर टाकला. ते म्हणाले, “कॉलम बंद.” पुढच्या आठवड्यापासून त्या चौकोनात राशिभविष्य आलं. माझी नोकरी राहिली.

अडतिसांपैकी पाच जणांनी लिहिलं. मंचरच्या बँकेतून एकच सामाईक कार्ड आलं, त्यात ‘आम्हाला फसवलंत’ असं म्हटलं होतं. जुन्नरच्या क्लार्कनं हिरव्या शाईत लिहिलं की त्यानं पट पुन्हा मांडला, साळवे बरोबर आहेत, त्यांचा पत्ता मिळेल का. मी पत्ता कळवला. त्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. गौतमचं कार्ड आलं नाही. तशी अपेक्षाही नव्हती, पण मंगळवारी मी टपालाच्या वेळी ऑफिसात थांबायचो. कॉलमच नव्हता, त्यामुळे माझ्या नावानं काहीच येत नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी आळेफाट्याच्या स्टँडवर सुमनताई भेटल्या. मीच पुढे होऊन बोललो. त्यांनी सरळ सांगितलं. गौतम आता रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो, खाटेवर बसून. पठारावरची माणसं वस्तू घेऊन येतात, गप्पा मारत बसतात, घर कधी रिकामं नसतं.

“आणि बुद्धिबळ?”

“पट दिला कुनाला तरी,” त्या म्हणाल्या. “लई दिस झाले.” आणि त्यांची गाडी लागली.

मी नंतर पुण्यातल्या एका दैनिकात गेलो. आता डेस्कवर नवी मुलं येतात. त्यांचं सगळं काम कॉम्प्युटरवर असतं, ब्लेड आणि गोंद त्यांनी पाहिलेलाही नसतो. पण कोडी अजून असतात, शब्दकोडी, आकड्यांची कोडी. मी त्यांना एकच काम लावतो. पान प्रेसला जायच्या आधी प्रिंट काढायचं आणि कोडं त्या प्रिंटवर पेनानं सोडवायचं, उत्तराची फाइल बंद ठेवून. ती कुरकुरतात. म्हणतात, सर, उत्तर तर आपल्याकडेच आहे. मी म्हणतो, वाचकाकडे नाही.

याला साधारण वीस मिनिटं लागतात. मी तपासलंय. सत्तेचाळिसावं कोडं चिकटवलं त्या बुधवारी माझ्याकडे पूर्ण संध्याकाळ होती, आणि खोलीवर वाट बघणारं कुणी नव्हतं.